कोयत्याचा कस

आत्याबाई,

आज घरामागची वेडी बाभूळ तोडली. सगळी नाही, विहिरीकडची बाजू अजून तशीच आहे, पण मागच्या दारातून पाय बाहेर टाकता येईल एवढी जागा झाली. नोकरी संपली की गावातल्या घरी येऊन राहायचं, हे मी खूप वर्षं मनाशी धरून होते. आले तेव्हा मागचं दार उघडेचना. बाहेरून फांद्या दाराला रेटून उभ्या होत्या. तुमच्या काळी तिथे शेळ्या बांधलेल्या असायच्या आणि जमीन अशी स्वच्छ असायची की सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून घ्यावेत. लेकीला पुण्याला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, जेसीबी लाव, तासाभरात साफ होईल." मी बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने जिंतूरच्या बाजारात जाऊन कोयता घेऊन आले.

रस्त्याच्या कडेला घिसाडी बसतात तिथूनच घेतला. भाता ओढणारी बाई म्हणाली, "ट्रकच्या पाट्याचं लोखंड हाय, बिनघोर न्या." मी विचारलं, "तापवून पाणी नीट पाजलंय का?" तिने माझ्या चष्म्याकडे आणि पर्सकडे पाहिलं आणि हसली. ती हसली म्हणून तुम्ही आठवलात. तुम्ही नवा कोयता घेतलात की आधी तरवडाच्या हिरव्या झुडपावर चालवायचात, मग बाभळीच्या अंगठ्याएवढ्या फांदीवर, आणि शेवटी गाठी असलेल्या वाळल्या खोडावर. प्रत्येक वेळी धार उन्हात धरून बघायचात. पाणी कमी पडलं असलं तर धार मुरडते, जास्त झालं असलं तर धारेचे तुकडे उडून खांड्या पडतात. "वल्या फांदीवर समदेच कोयते चांगले," असं म्हणायचात, आणि धार बिघडली तर पुढच्या बाजारी घिसाड्यासमोर कोयता टाकून त्याची फजिती करायचात.

मी आज त्याच क्रमाने गेले. तरवड तर नुसता हात लावल्यासारखा पडला. बाभळीला जोर लागला, काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले. मग बोरीचं वाळलेलं खोड होतं, त्यावर घाव घातला आणि हाताला असा झिणझिण्या आणणारा धक्का बसला की मी कोयता सोडून खाली बसले. आणि बसल्या जागी मला तो दिवस आठवला.

तुमचा मुलगा कापसाची ट्रॉली घेऊन सेलूला निघाला होता. ट्रॉली वाटेतच उलटली, त्यात ते गेले. आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, लेक अंगावर पीत होती. लोक आले, त्रिशरण-पंचशील झालं, लोक गेले. मग मी भिंतीकडे तोंड करून जी पडले ती पडलेच. लेक रडली की तिला पदराखाली घ्यायचं, एवढंच मला कळत होतं. रडू येत नव्हतं. तुम्हीही रडला नाहीत. पहाटे उठायचात, शेळ्यांचं दूध काढायचात, भाकरी करून माझ्या उशाशी ठेवायचात आणि संध्याकाळी ती तशीच उचलून शेळ्यांना घालायचात. एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटायचं, ह्या बाईच्या छातीत दगड आहे.

आणि मग एक दिवस तुम्ही बाजारातून येता, माझ्या अंथरुणाशेजारी नवा कोयता ठेवता आणि म्हणता, "ऊठ. ह्याचा कस बघायचाय. माझा खांदा लय दुखायलाय, हात वर जाईना."

मी म्हणते, "मला नाही येत."

"मला तरी कुटं येत होतं? ऊठ."

मी का उठले ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित नाही म्हणायलाही ताकद लागते आणि ती माझ्यात नव्हती. तुम्ही लेकीला कडेवर घेऊन मागच्या दारात बसता. मी तरवड तोडते. तुम्ही म्हणता, "धार बघ." मी बघते, मला काही दिसत नाही. मी बाभळीवर घाव घालते, तो निसटून पायाजवळून जातो. "तिरका घाल, तिरका. पाय मागं घे." ऊन चढत जातं. हाताला फोड येतात, फुटतात, मूठ चिकट होते. मी वाळल्या खोडापर्यंत येते. घाव घालते आणि खोड हलत नाही. पुन्हा घालते. पुन्हा. मग काय होतं ते मला कळत नाही, मी कोयता दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या दगडावर मारायला लागते, ठिणग्या उडतात, आणि माझ्या तोंडातून कसलातरी आवाज निघायला लागतो.

तुम्ही लेकीला खाली ठेवून आलात आणि माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट, की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. म्हणालात, "लोखंडानं काय केलंय तुजं? रागवायचं तर माज्यावर रागव. मीच त्याला म्हनले होते, आजच जा म्हनून."

एवढे दिवस तुम्ही हे घेऊन भाकऱ्या थापत होतात. मला वाटलेला छातीतला दगड तो हा होता. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमी नसत्या म्हनल्या तरी ते गेलेच असते. बाजार त्या दिवशीच होता." तुम्ही मान हलवत राहिलात. मग त्या काट्यांच्या ढिगाशेजारी मातीत फतकल मारून बसलात आणि ओरडून ओरडून रडलात, मुलाला लहानपणीच्या नावाने हाका मारत. तुम्हाला बघून मला रडू फुटलं. आपल्याला बघून लेक रडायला लागली. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली आणि हळूच मागे सरली.

त्या रात्री माझ्या हातांनी भाकरी मोडवेना. चुलीपुढे बसून तुम्ही ती शेळीच्या दुधात चुरलीत आणि मला घास भरवलेत. खांदा तुमचा कधी दुखतच नव्हता, हे मला तेव्हा दिसलं, कारण त्याच हाताने तुम्ही पाण्याचा भरलेला हंडा उतरवून घेतला होता. कोयत्याची धार मात्र पार गेली होती.

पुढच्या पंधरवड्यात माझा भाऊ आला. चांगल्या मनाने आला होता. म्हणाला, "आत्या, बहिनीला न्यायला आलोय. तिचं सगळं आयुष्य पडलंय." तुम्ही चहा ठेवता ठेवता म्हणालात, "मला काय इचारतोस? ती काय गाय हाय, दावं सोडून तुज्या हातात द्यायला? तिला इचार." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी हितंच राहते, दादा." तो चिडला, समजावत बसला, जेवून गेला. तो गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "मग साळंत जा. दहावीचं शिकल्यालं सडवू नको." परभणीला डीएड होईपर्यंत लेकीला तुम्ही सांभाळलंत. तिचे पहिले शब्द मी ऐकलेच नाहीत, तुम्ही ऐकलेत. पालमकडच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा वर्गाच्या दारात चपला काढून आत आलात आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलात. कशाला आलात विचारलं, तर म्हणालात, "बघायलेय." दोन-तीन वर्षांनी एका थंडीत तुम्ही झोपेतच गेलात. तिरडीला खांदा देताना कुणीतरी म्हणालं, बाईमाणसानं देऊ नये. मी ऐकलं नाही.

हे सगळं आज दुपारी लिहायला घेतलं, आता दिवेलागणीची वेळ झाली. नवा कोयता चांगला आहे. बोरीच्या खोडावर एक बारीक खांडी पडली, कानशीने निघेल. हा कागद कुठे पाठवायचा नसतो हे मला कळतं, घडी करून तांदळाच्या डब्यावर ठेवीन आणि पुढे कधीतरी चुलीत जाईल. पण त्याआधी एक गोष्ट. लोक अजून मला विचारतात, "एवढ्या तरुण वयात तुम्ही सासरीच कशा राहिलात?" आणि मी सांगते, लेकीसाठी. भाऊ समजावत बसला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं होतं, आणि तुम्हीही तेच धरून चालला होतात. ते खरं नाही. लेकीला घेऊन मी माहेरी गेले असते, ती तिथेही वाढली असती. मी राहिले, कारण मला तुमच्याजवळ राहायचं होतं.