वजनांचा रकाना

आई, तू जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता कळंबला तालुक्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. तुझ्यासारख्या अंगणवाडी सेविका आता मोबाइलवरून लेकरांची वजनं भरतात. तुझ्या रजिस्टरसारखाच तक्ता असतो, पण तो इंटरनेटवर उघडतो, आणि चार ठिकाणी बसलेल्या चार बाया एकाच वेळी त्यात लिहू शकतात. एकेका गावाचं एक पान. ती पानं तपासून दुरुस्त करायचं काम माझं.

तुझं रजिस्टर मी भरायचे ते आठवतंय. चौथीत होते, अक्षर चांगलं म्हणून तू चुलीपाशी बसून वजनं सांगायचीस आणि मी लिहायचे. एकदा एका पोरीचं वजन माझ्याकडून दुसऱ्याच ओळीत पडलं. मी ते गुपचूप खोडलं, मग खरं वजन आठवेना म्हणून अंदाजानं आकडा टाकला. तू पान बघितलंस, भाकरी तव्यावरून उतरवलीस, काटा उचललास आणि मला घेऊन त्या पोरीच्या घरी गेलीस. तिच्या आईपुढं मला उभं करून म्हणालीस, "सांग, काय केलंस ते." मी रडत रडत सांगितलं. त्या बाईला हसू आलं. तुला आलं नाही. येताना एवढंच म्हणालीस, "तो आकडा न्हाय, ते लेकरू हाय."

मागच्या महिन्यात दवाखान्यात तपासणी होती. साहेबांना ढोकीजवळच्या एका गावातली सगळ्यात कमी वजनाची पाच लेकरं हवी होती. मी पान उघडलं, वजनांचा रकाना निवडला आणि लहान आकडे वर आणले. पहिली पाच नावं काढून दिली. घाईत एक लक्षात आलं नाही: मी फक्त वजनं हलवली होती, नावं जागच्या जागीच राहिली होती.

गुरुवारी तिथली सेविका जीपमधून पाच लेकरं घेऊन आली. नवी आहे, नोकरीला वर्षही झालं नाही. एक आई कडेवरचं गुटगुटीत लेकरू दाखवत म्हणाली, "ह्याला काय झालंय म्हणून आणलंय? दिसंल ते खातंय हे." डॉक्टरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब सेविकेला सगळ्यांसमोर म्हणाले, "वजनंसुद्धा धड भरता येत नाहीत का तुम्हाला?" ती खाली मान घालून उभी राहिली. मी तिथंच, दोन हातांवर होते.

ऑफिसात येऊन मी पानाचे जुने बदल उघडले. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथं राहतं. तिनं भरलेलं सगळं बरोबर होतं. शेवटच्या बदलापुढं माझं नाव. मी पान आधीसारखं केलं आणि या वेळी वजनांबरोबर नावंही हलवली, तेव्हा खरी नावं वर आली. सगळ्यात वर चौदा महिन्यांची एक मुलगी, सहा किलोपेक्षाही कमी. जीप परत पाठवली. दुपारी तिला आणलं तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होतं. तिला दाखल करून घेतलं. आता घरी आहे, वजन वाढतंय. दर सोमवारी मी तिची ओळ आधी बघते.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, आता नीट झालंय ना." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

पण त्याच गुरुवारी, पोरीला दाखल केल्यावर, सेविका माझ्याकडं आली होती. "ताई, माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असंल. तुमाला लई तरास झाला," म्हणाली.

मी म्हणाले, "असू द्या."

त्यानंतर तिचे चार-पाच फोन आले, कामाचेच. दर वेळी सांगायचं ठरवते आणि पुढच्या महिन्याची वजनं कधी भरणार, तेवढंच विचारून फोन ठेवते.