मंदाच्या रानातला खड्डा

६ एप्रिल
शेततळ्याचा अर्ज ऑनलाइन, फुकट. कृषी कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तसंच रंगवलंय. खरा खर्च असा : मंदाचे कांदे काढायचे दोन रोज बुडाले. माझं दुकान दिवसभर बंद. सेवा केंद्रवाल्याला चहा, सर्व्हर डाऊन म्हणून परत चहा, तो उठेपर्यंत तिसरा. मंदाचा अंगठा मशीन घेईना. काम करून करून रेघाच राहिल्या नाहीत बोटांवर. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. ती म्हणाली, "दादा, एवढं एकच बोट माझं हाय, बाकीची रानाला गेली." सगळे हसले.
मोबाईल नंबर माझा टाकला. तिचा फोन निम्मा वेळ बंद.
एवढं सगळं धरून फुकट.

७ एप्रिल
काल लिहायचं राहिलं. हे तळं व्हायलाच पाहिजे. दाजी गेल्यावर मंदाने, माझ्या धाकट्या बहिणीने, एकटीने डाळिंब लावलं, दोन उन्हाळे टँकरवर जगवलं. विहीर मार्चलाच तळ दाखवते. तिचा दीर भास्कर बांधावर येऊन गोड बोलतो, "वहिनी, कशाला जिवाला त्रास? झाडं काढा, रान मला वाट्याने द्या, बसून खा." मं. ने त्याला सांगून टाकलंय, हा शेवटचा उन्हाळा. यंदा तळं झालं नाही तर देते.
बसून खाणारी आहे का ती? पोरीचं वय त्रेचाळीस.

१५ एप्रिल
मेसेज आला. निवड झाली!! सिन्नर स्टँडसमोर चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांना माझ्याकडून चहा. म्हटलं, निम्म्या तालुक्याला निवड म्हणजे काय ते कळायच्या आत आमचं तळं खणून झालेलं असेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली खांद्यावर पाइप वाहून वर आलेला माणूस आहे, कुठल्या टेबलावर काय हलतं ते मला पंख्याच्या आवाजावरून कळतं. लोक हसले, पण दोघांनी लगेच आपापले अर्ज पुढे केले. बघून घ्या म्हणाले.

१७ एप्रिल
मंदाच्या शेजारच्या रानात पोकलेन आलंय. परवा ते दुसऱ्या तालुक्यात जाणार, मग पावसाळ्यापर्यंत मिळायचं नाव नको. आता आहे तोवर आणण्याचं भाडंही वाचतं. ड्रायव्हरशी बोललो. उद्या सकाळी.
मं. का कू करत होती. "मॅडम बघून तर जाऊ दे की." मॅडम म्हणजे गावच्या कृषी सहाय्यक. म्हटलं, अगं, त्या येतील तेव्हा त्यांना आयतं तळंच दाखवू. खूश होतील.
"उद्या शेतीशाळा पण हाय रे. दर आठवड्याला जाते मी."
म्हटलं, एक दिवस नाही गेलीस तर डाळिंबाला काय फुलं यायची थांबणार? मशीन पहिल्यांदा दारात येतंय, ड्रायव्हरला गोडाचं जेवायला नको?

१८ एप्रिल
झालं. पहिल्या बकेटला हळदकुंकू, नारळ मं. ने फोडला. संध्याकाळपर्यंत केवढा चौकोन! मुरूम छान लागला, खडक नाही. पुरणपोळ्या ड्रायव्हरने इतक्या खाल्ल्या की मशीनवर चढताना मं. म्हणाली, "जपून, तुमच्यामुळं बकेट बसायची."
पैसे सध्या दुकानातून. अनुदान आलं की कागद अंथरायचा. प्लास्टिकचा कागद पडल्याशिवाय या मुरमात पाणी थांबत नाही. भरलेलं तळं दसऱ्यापर्यंत मुरून जाईल.

२२ एप्रिल
मॅडम आल्या.
लिहवत नाही. पण लिहितो.
स्कूटी बांधाला लावली, मोबाईल काढला, उघडला, आणि तशाच उभ्या राहिल्या. "काका, हे काय?"
"तळं."
"मला मोकळं रान हवंय हो फोटोत."
"मॅडम, चार दिवसांपूर्वीपर्यंत मोकळंच होतं की."
त्या हसल्या नाहीत. निवड म्हणजे मंजुरी नाही. आधी त्यांनी जागा बघायची, मोबाईलवर ठिकाणासकट फोटो, मग पूर्वसंमतीचं पत्र, मग कुदळ. पत्राआधी खणलं तर ते काम जुनं धरतात. जुन्याला अनुदान नाही.
म्हटलं, पलीकडचा कोपरा मोकळा आहे, तिथला फोटो घ्या. तर म्हणाल्या, "गट नंबर एकच आहे. आणि एवढा खड्डा वरून उपग्रहालासुद्धा दिसतो."
जाताना मंदाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर एक शेतीशाळा चुकवत नाही. अठरा तारखेला मी हेच तर समजावून सांगितलं सगळ्यांना."
मं. म्हणाली, "मी पोळ्या लाटत होते."
माझ्याकडे बघितलं नाही.

२३ एप्रिल
घरी सांगितलं. ही पोळी भाजत होती. उलथनं खाली ठेवून म्हणाली, "बहिणीला काय वाट्टेल ते द्या. फक्त अक्कल देऊ नका." मग ताट वाढलं. जेवलो नाही.

२५ एप्रिल
कार्यालयात गेलो. मोठे साहेब आत मीटिंगमध्ये. बाकावर बसलो. आतला आवाज बाहेर येतो, दार नीट लागत नाही. आपल्या मॅडमच बोलत होत्या, मंदासाठी रदबदली करत होत्या. चांगली बाई. "सर, एकटी आहे हो, प्रामाणिक आहे, सगळं शिकून करते. घोळ भावाने केला. भाऊ फार हुशार आहे."
साहेब म्हणाले, "हुशारांचेच अर्ज सांभाळायला जड जातात."
मग दोघं हसले. वाईट हसणं नव्हतं. आपण आपल्या टपरीवर हसतो ना, तसं.
कान तीक्ष्ण आहेत म्हणून आजवर मिरवलं. आज वाटलं थोडे कमी ऐकू आले असते तर...
साहेबांना न भेटताच आलो.

२८ एप्रिल
एकच मार्ग दिसतो. खड्डा बुजवायचा. सपाट करून वर नांगर फिरवायचा, नवा फोटो. पोकलेनवाल्याला फोन केला. तो झारखंडचा, हसून हसून खोकला लागला त्याला. "सेठ, खोदा भी मैंने, भरूँ भी मैं? पूरणपोली फिर से मिलेगी क्या?"
मंदाला सांगायला गेलो. ती खड्ड्यात उतरलेली, तळातले दगड वेचून कडेला टाकत होती. कागदाला टोचू नयेत म्हणून. कागदाचा पत्ता नाही अन् ही दगड वेचतेय!
"खणलं तुझ्या डोक्यानं. आता बुजवायचं पण तुझ्याच?"
"मंदे, दुसरा उपाय नाही."
"उपाय नाय तर नाय. पण बुजवायचं नाय. लोकांनी बघितलंय खणताना. उद्या मॅडमना खोटी सही करायला लावशील, त्यांची नोकरी जाईल."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२ मे
भास्कर भेटला, सिन्नरच्या जीपमध्ये शेजारीच. "दादा, खड्डा झकास झालाय. तिकीट लावा, सुट्टीत पोरं येतील बघायला." जीपमधले सगळे हसले. मीही हसलो. काय करणार. मग कानाशी येऊन : "वहिनीला म्हणावं, जूनपर्यंत सांगा. मला पेरणीची तयारी लागते."


६ मे
मेसेज : आपला अर्ज रद्द करण्यात आला आहे. कारण : पूर्वसंमतीपूर्वी काम.
माझ्या मोबाईलवर आलाय. म्हणजे मलाच माहीत. मंदाला सांगितलं नाही. सांगेन. आधी काहीतरी मार्ग

९ मे
मार्ग नाही. नाशिकला एका ओळखीच्याकडे जाऊन आलो. पूर्वी त्यांच्या बंगल्याचं सगळं पायपिंग मीच केलं होतं. त्यांनी चहा पाजला, नातवाचे फोटो दाखवले, आणि म्हणाले पोर्टलवर आता कोणाचं चालत नाही. कोणाचं चालत नाही हे सांगायला एवढा वेळ कशाला?
कागद स्वतःच्या खिशातून घ्यावा म्हटलं तर खोदाईपेक्षा कागद महाग. दुकानातला माल उन्हाळ्याचा भरून ठेवलाय, मोटारी खपल्याशिवाय हात मोकळा नाही. तरी मं. ला विचारलं. "नको. तुझ्या घरात माझ्यावरून शब्द नको." हे ती हसत म्हणाली. हसत म्हटल्यामुळे जास्त लागलं.

१३ मे
ऊन. डाळिंबाची पानं दुपारी वळतात, संध्याकाळी सुटतात. आता काही झाडांची संध्याकाळी पण सुटत नाहीत. टँकर एक दिवसाआड होता तो आता कधीही येतो. सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नाही. काही ओळी सोडाव्या लागणार.
म्हटलं, रस्त्याकडच्या वाचव. येणाऱ्या-जाणाऱ्याला हिरवं दिसेल, भास्करचं तोंड बंद होईल.
ती म्हणाली, "रस्त्याकडं माती पातळ हाय. आतल्या जगतील." आणि रस्त्याकडच्या ओळींचे कॉक एकेक करून बंद केले. मी मागे मागे चाललो. पाइप माझ्याच दुकानातले, कॉक मीच बसवून दिलेले. पहिला बंद करताना जोर लागेना तिचा. मी पुढे झालो. "राहू दे," म्हणाली. स्वतःच केला.
रद्द झाल्याचं आजही सांगितलं नाही. आज कसं सांगणार होतो?

१९ मे
रस्त्याकडची पहिली ओळ वाळली. पानं तांबूस. येताना एसटीतून दिसते.

२४ मे
टपरीवर आता मला कोणी अर्ज दाखवत नाही. "काय दादा, तळं कसंय?" एवढंच. चहा मात्र पाजतात. चांगली माणसं आहेत, त्याचाच त्रास होतो.
ज्या दोघांनी अर्ज दिले होते त्यांना बोलावून परत केले. म्हटलं, पत्र हातात आल्याशिवाय फावडं लावू नका. त्यांनी मान हलवली. मॅडमनी सांगितलंय म्हणाले, शेतीशाळेत. आमच्या तळ्याचंच उदाहरण देतात म्हणे. नाव घेत नाहीत.

२९ मे
शेवटी सांगायला गेलो. सगळं ठरवून, वाटेत शब्दसुद्धा जुळवले. मं. ओसरीत डाळ निवडत होती. म्हटलं, मंदे, एक सांगायचंय.
"रद्द झाल्याचं ना? ठाऊक हाय."
मॅडमनी तिला कधीच सांगितलं होतं. पंधरा दिवस ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कधी सांगतो म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं. चहा टाकला तिने. म्हणाली, "कागदाची एक वेगळी योजना असते म्हणे. तळं असंल तर नुसतं अस्तरीकरण. त्याला खणलेला खड्डाच लागतो."
उडालोच. म्हटलं, मग उद्याच्या उद्या अर्ज टाकतो! आणि भास्कर?
"भास्करला म्हटलं थांब. जूनचा शेवट म्हटला तो. बघू. यंदा तालुक्याच्या कोट्यात जागा उरलीय का ते मॅडमना पण माहीत नाय. आणि पत्र येईस्तोवर पाऊस झाला तर कागद अंथरता येत नाय, चिखलात."
सगळं मला शिकवल्यासारखं हळूहळू सांगत होती.

३० मे
सकाळीच सेवा केंद्रात. तिचा सातबारा, आधार, फार्मर आयडी, सगळं पिशवीत. म्हटलं, अस्तरीकरणाचा अर्ज भर, बहिणीचा. त्याने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"दादा, हा तर मंगळवारीच भरलाय. ताई स्वतः आल्या होत्या एसटीने. बसल्या होत्या दुपारभर."
"बोट चाललं का?"
"पहिल्या झटक्यात नाही. पण चाललं."
विचारलं, काय उत्तर आलंय बघ. तो म्हणाला, अजून काही नाही दिसत. आलं की मेसेज जाईल.
मोबाईल नंबर तिने स्वतःचा टाकलाय.