बालवार्डातला ब्रदर

७ जुलै
आजपासून बालवार्ड. बाभुळगावचा सरकारी दवाखाना. मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. आत पाय ठेवला अन् साऱ्या बायांचे पदर वर. एक जण मोठ्यानंच म्हणली, "लेकराईच्या वार्डात माणूस कायले ठेवला?" इनचार्ज सिस्टर बाजूले घेऊन म्हणल्या, "इरफान, सध्या औषधाच्या ट्रेपाशी थांब. होईल सवय."
थांबलो. सहा तास.

९ जुलै
अब्बाचा फोन. ढाणकीच्या आमच्या गॅरेजात गर्दी आहे म्हणे. "लेडीज के काम से जी भर गया तो बोल. ढाणकी कहीं भाग नहीं गई." मागून अम्मी काही म्हणत होती, ऐकू आलं नाही.
सिस्टर लोक त्यांच्या खोलीत जेवतात. मी जिन्यात.

११ जुलै
तांड्यावरची राणी. आठ महिने. दोन दिवसांपासून संडास-उलट्या. डोळे खोल, रडते पण पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. डॉक्टर मॅडमनी तीनदा सुई टोचली, सिस्टरनं दोनदा. नस सापडेना.
म्हणलं, मॅडम, मी पाहू का?
तिची माय सुनीता, विशीचीही नसंल, लेकरू छातीशी धरून मागं सरकली. "नाही. माणूस नको."
सासू तिच्यावर ओरडली, "अवं, लेकरू पाह्य! माणूस कायले पाहून राह्यली?"
घोट्यापाशी नस. दिसत नव्हती, बोटाले लागली. इंजिनाखाली हात घालून न दिसणारा नट चाचपायचो, तसंच. सुई गेली. सलाईन चालू.
बाथरूममध्ये जाऊन उभा राह्यलो.

१२ जुलै
राणीनं सकाळी लघवी केली, म्हणजे अंगात पाणी टिकून राह्यलं. याच्याएवढी चांगली बातमी महिन्यात नाही.
सुनीताले सांगितलं: मिठा-साखरेचं पाकिटाचं पाणी, दर दोन-तीन मिनिटाले एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिट थांब, मग पुन्हा. अंगावरचं दूध बंद नाही करायचं. ती भिंतीकडं पाहून ऐकत होती.
पाजायच्या वेळेले मी बाहेर गेलो. परत आलो तर ती सासूशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काही बोलली. सासू हसली, मले म्हणे, "विचारून राह्यली, तो भाऊ कुठं गेला म्हणून."

१५ जुलै
राणी घरी गेली. झिंकच्या गोळ्या दिल्या, रोज एक, चौदा दिवस. संडास थांबली तरी. सुनीतानं दोनदा म्हणून दाखवलं. "चमचाभर दुधात घोळून." निघताना मागं पाह्यलं नाही. कायले पाहील? तासाभरात त्या खाटेवर दुसरं लेकरू.
खानावळीत पंखा, टीव्ही अन् मी. खोलीवर आल्यावर कोणाले तरी सांगावं वाटलं. अम्मीले सांगितलं सगळं, फोनवर. सुईपासून लघवीपर्यंत.

१७ जुलै
सिस्टरनं फॉर्म हातात दिला. लहान लेकरांच्या नर्सिंगचं एक वर्षाचं शिक्षण, नागपूरले. "तुझ्या बोटात आहे ते. शीक." पंचवीसले सकाळी अकराच्या आत ऑफिसात द्यायचा.
संध्याकाळी अम्मीचा फोन. अब्बाचा उजवा हात सुन्न होतो. पाना सुटून पायावर पडला. "तू ये असं ते नाही म्हणणार. मी पण नाही म्हणत."

२० जुलै
ढाणकीले गेलतो. जाता-येता सारा रविवार एसटीत.
अब्बा डाव्या हातानं बोल्ट आवळून राह्यलेले. मनगट धरून पाह्यलं, बोटं एकेक दाबली. अंगठा, दोन बोटं बधिर. म्हणलं, नसेचं आहे, यवतमाळले दाखवू. हात काढून घेतला. "तू बच्चों का है. मेरा नहीं."
चहा झाला. निघालो तर मान खाली घालूनच म्हणाले, "वो बच्ची का नाम क्या था?"
"राणी."
"बची ना?"
"बची."
पुन्हा बोल्टकडं वळले. फॉर्मचं सांगायचं राह्यलं. राह्यलं म्हणजे, सांगितलं नाही.

२३ जुलै
फॉर्म भरला. सही सोडून.
अब्बा यवतमाळले जात नाहीत. अम्मी म्हणते, तू आला तरच जातील.

२५ जुलै
दोन वर्षांची पोरगी, निमोनिया, आज ताप उतरला. तिची माय खाली एक्सरेचा कागद आणायले चालली, कोणालेच काही न विचारता पोरगी माझ्या खांद्यावर टाकून गेली. झोपली. खाली ठेवलं की जागी होते, खोकते. म्हणून डाव्या खांद्यावर ती, उजव्यानं हे लिहून राह्यलो.
श्वास मोजला, मिनिटाले चौतीस. ठीक आहे.
घड्याळात पावणेअकरा. फॉर्म खिशात, सहीची जागा अजून कोरी. ऑफिस जिन्याखाली. तिची माय अजून आली नाही.