भाचीची पहिली रायफल

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमच्या नातीसाठी रायफल घेतली. छर्ऱ्याची, हवेच्या दाबावर चालणारी, दहा मीटरच्या नेमबाजीची. हिला लायसन लागत नाही. तिच्या बापाचं ओळखपत्र दाखवलं, काम झालं. तुमच्या दोननळी बंदुकीसाठी तुम्ही कलेक्टर कचेरीत किती खेटे घातले होते ते आठवून मला दुकानातच हसू आलं. या नातीला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि ती चौदाची आहे. उंच आहे, कमी बोलते, आणि रागावली की तुमच्यासारखी खालचा ओठ आत घेते.

तुम्ही फौजेतून घरी आलात तेव्हा मी दहा वर्षांची होते. लासूर स्टेशनच्या बँकेत पहारेकऱ्याची जागा होती, पण बंदूक स्वतःची पाहिजे अशी अट होती. तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून स्टेशनवर नेलंत, तिथून पॅसेंजरनं शहरात, आणि मग चालत गुलमंडीच्या पुढल्या गल्लीत. दुकानदार दाढीवाले, पांढऱ्या टोपीचे, फार गोड बोलणारे. त्यांनी पहिल्यांदा नक्षीची बंदूक काढली. चांदीसारख्या पत्र्यावर हरणं कोरलेली. "लेव साब, नक्काशी देखो. सामनेवाला देखतेच रह जाता." मी तर त्या हरणांवरून बोट फिरवत होते. तुम्ही बंदूक बिजागरीशी मोडून आत पाहिलं, नळीतून उजेडाकडं पाहिलं, मग डोळे मिटले आणि तिला खांद्याला लावलं. डोळे उघडले आणि मान हलवली. "नाय बसत." अशा चार झाल्या. पाचवी कोपऱ्यात उभी होती, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर चरे पडलेली, कुणाचीतरी वापरलेली. तीही तशीच मिटल्या डोळ्यांनी उचललीत, आणि डोळे उघडल्यावर हललाच नाहीत. दुकानदार म्हणाले, "साब, ये तो बहोत पुरानी है." तुम्ही म्हणालात, "असू द्या. नजर आपोआप नळीवर येती. मला मान वाकडी करावी लागत नाय."

परतीच्या गाडीत तुम्ही मला समजावून सांगितलं होतं. बंदूक माणसाच्या मापाची पाहिजे, माणसानं बंदुकीच्या मापाचं व्हायचं नसतं. मला त्या वेळी फक्त हरणांचं वाईट वाटत होतं.

रविवारी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात पोतं अंथरून ती साफ करायला बसायचात. बाहेर धूळ उडते म्हणून स्वयंपाकघर. आई भाकरी थापता थापता करवादायची, "माझ्या पिठाला तेलाचा वास येतुया, उठा तिथनं." तुम्ही म्हणायचात, "व्हय, झालंच," आणि अर्धा तास हलायचा नाहीत. नळीत फिरवायच्या गजाला चिंधी गुंडाळून द्यायचं काम माझं. चिंधी काळी आली की दुसरी. पांढरी आली की तुम्ही ती मला दाखवायचात, जणू मीच काही केलं होतं.

माझा हट्ट पाहून तुम्ही सागाच्या फळीतून एक लाकडी रायफल घडवलीत. माझा हात कोपरात दुमडून सुतळीनं माप घेतलं आणि तेवढाच दस्ता ठेवला. मला वाटायचं, खेळणं आहे. दुसऱ्याच दिवशी ती मी धाकट्या भावावर रोखली आणि तोंडानं आवाज काढला. तो खिदळला, मीही. तुम्ही ओट्यावरून उठून आलात, ती माझ्या हातातून घेतलीत आणि माळ्यावर टाकलीत. महिनाभर खाली काढली नाहीत. मी रडून म्हणाले, "अण्णा, लाकडाची तर हाय." तुम्ही म्हणालात, "बंदूक लाकडाची हाय माय, पण सवय लाकडाची नसती. हातांना एकदा लागली की लागली." अण्णा, तुमचा हात माझ्यावर कधी उठला नाही. पण तो महिना मला अजून लागतो.

मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले ते तुम्ही पाहिलंत. आता सकाळी शहरातल्या रेंजवर नेमबाजीही शिकवते, हे मात्र तुमच्या माघारी सुरू झालं. पहिल्यांदा रायफल घेणारे लोक मला विचारायला येतात आणि मी तुमचंच बोलणं सांगत सुटते. घाई करू नका, आधी काही महिने रेंजवरची वापरा, तुमचं शरीर तुम्हाला सांगेल काय पाहिजे ते. रंग बघू नका. हात थरथरेल इतकी जड घेऊ नका. "रिकामी आहे" असं प्रत्यक्ष बापानं सांगितलं तरी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक इंजिनिअर मध्यंतरी आले होते, बिडकीनकडच्या कारखान्यातले. म्हणाले, सुटे भाग आणून रायफल मी घरीच बनवतो. मी म्हटलं, नळी आणि चाप ज्यानं बनवलाय त्याच्यावर सोडा, त्याला हात लावायचा नाही, कायद्यातही ते बसत नाही. दस्त्यावर गाल टेकतो ती पट्टी मात्र स्वतःच्या चेहऱ्याप्रमाणे घासा. त्यांनी लाकडाची इतकी सुरेख पट्टी करून आणली की मी ती सगळ्यांना दाखवली.

आता धाकट्याचं सांगते. तुम्ही दवाखान्यात होतात त्या आठवड्यात मी घरी आले होते. कपाट उघडलं, बंदूक मोडून पाहिली तर नळीत काजळी. तुम्ही कधी तशी ठेवली नव्हती. धाकट्याला विचारलं तेव्हा तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, मित्राच्या वरातीत नेली होती, दोनच बार काढले, आभाळात. "सगळे म्हणत होते अक्का, फौजीचं पोरगं हायस, काढ की." मी ती साफ केली, काळ्या चिंध्या चुलीत घातल्या आणि तुम्हाला काही कळू दिलं नाही. तुम्ही त्यानंतर नऊ दिवसांनी गेलात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पंधरा दिवसांत त्यानं कागद पुढं केला. लायसन माझ्या नावावर करायचंय, तुझी हरकत नाही म्हणून सही कर. मी सही केली नाही. आईसमोर, काकांसमोर वरातीतले बार बोलून दाखवले आणि त्याला म्हणाले, "तुझ्या हातात ही गेली तर एक दिवस कुणाचं तरी लेकरू मरेल." तो पांढराफटक पडला. म्हणाला, "अक्का, मला काय खुनी समजती का तू?" आणि उठून गेला. बंदूक त्याच गल्लीतल्या दुकानात जमा होऊन पडली. शेवटी आईनं कंटाळून ती सरकारजमा करायला लावली. त्यानंतर आम्ही भाऊबहीण लग्नाकार्यात भेटलो तर "जय भीम" म्हणायचो, तेवढंच. पंधरा वर्षं.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तो रेंजच्या फाटकाशी उभा दिसला. केस पिकलेत त्याचे, माझ्या आधी. हातात हेल्मेट, मागं पोरगी. म्हणाला, "अक्का, हिला शिकव. शाळेत एकदा रायफल धरली हिनं, तेव्हापासून दुसरं काय सुचंना हिला." मी म्हटलं, "तुला चालंल?" तो म्हणाला, "तुझ्याकडं आणली म्हणजे चालतंय." पोरगी पायाकडं बघत होती. मी तिला आत घेतलं.

चार महिने ती रेंजवरच्या रायफलनं झाडायची आणि छर्रे सारखे एका बाजूला जायचे. धाकटा म्हणाला, स्वतःची नाही म्हणून होतंय. मोबाईलवर त्यानं एक पसंतही करून ठेवली होती, काळी, वर दुर्बीण लावलेली. मी म्हटलं, या खेळात दुर्बीण चालत नाही, आणि थांब जरा. पोरीला म्हटलं, दोन्ही हात लांब कर, तळव्यांची खिडकी कर, त्यातून समोरच्या त्या पाण्याच्या टाकीकडं बघ. आता एकेक डोळा मीट. तिनं उजवा मिटला तर टाकी जागेवर. डावा मिटला तर गायब. "आत्या, हे असं कसं?" पोरगी उजव्या हाताची, पण नजर डाव्या डोळ्याची. इतके दिवस ती चुकीच्या डोळ्यानं बघत होती, आणि मी शिकवणारी असून चार महिने माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, तिच्या बापासमोर. धाकटा हळूच म्हणाला, "म्हणजे मी उजव्या हाताची घेतली असती तर वायाच होती." मी म्हटलं, "व्हय." आणि आम्ही दोघंही हसलो, अण्णा. किती वर्षांनी ते मी मोजत बसले नाही.

डाव्या खांद्याची रायफल शोधायला वेळ लागला. साधी आहे, दस्ता मागंपुढं सरकतो, पोरगी वाढेल तसा वाढवता येतो. दुकानातून आणल्यावर धाकट्यानं ती खोक्यातून काढली, आधी उघडून पाहिली, मग नळी जमिनीकडं ठेवून मुलीच्या हातात दिली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काल पोरीचे दहातले सहा छर्रे काळ्या वर्तुळात बसले. तिनं मागं वळून आधी बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

हा कागद कुठं जायचा नाही, ते मला माहीत आहे. तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय उठवत नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी धाकट्याला बोलले ते काजळीमुळं बोलले, असं सगळ्यांना वाटलं. मीही तसंच धरून चालले. पण त्यानं कागद पुढं करायच्या आठवडाभर आधी मी कचेरीतून लायसनचा अर्ज आणला होता. माझ्या नावानं. तुमच्या बंदुकीचा नंबर घालून पूर्ण भरलेला, फोटो चिकटवलेला. त्यानं आधी मागितली म्हणून माझा अर्ज पर्समध्येच राहिला, आणि घरी जाऊन मी तो फाडला. रविवारी तो पोरीला घेऊन येईल, तेव्हा त्याला सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुमच्यापुढं बोलायला मला अजूनही त्याच्यापेक्षा कमी भीती वाटते.