कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात

सोमवार, २ जून २०२५. सकाळी ९.४० ला साउंड कार्डाच्या डबीवरची धूळ पुसत होतो.

आज अमरावतीच्या राजापेठेतल्या स्टुडिओत कामाला लागलो. फार आनंद झाला. शिकवणी वर्गांच्या वरची एक खोली, भिंतींना स्पंज, एक कॉम्प्युटर, एक माइक. ऑटोला भोंगा लावून शहरभर फिरवतात त्या जाहिराती इथे तयार होतात. मी बारावी नापास, पण उच्चार स्वच्छ म्हणून मालकीण साधनाताईंनी घेतले. संध्याकाळी बाळापूरला आईला फोन केला. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. आता ती माणसे आवाजावरूनच ओळखते. म्हणाली, "तुहा आवाज आला की तू घरातच हायेस असं वाटते मले."

मंगळवार, ३ जून.

ताईंनी आज कार्डाचे समजावले. माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी ही डबी. कार्ड एक, ते मागणारे प्रोग्रॅम अनेक, मध्ये ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारे सॉफ्टवेअर. सगळ्यांनी वाटून वापरले तर सगळ्यांचे आवाज मिसळावे लागतात. त्यात वेळ जातो, आपलेच बोलणे हेडफोनमध्ये जरा उशिरा येते आणि जीभ अडखळते. एकाच प्रोग्रॅमला ताबा दिला तर आवाज लगेच येतो, बाकीचे सगळे मुके. रेकॉर्डिंग करताना ताबा सोडायचा नाही, असे त्यांनी बजावले.

शुक्रवार, ६ जून.

ऑटोवाले सूर्यभानभाऊ जाहिरातीसाठी ताटकळत होते आणि पडद्यावर आले, 'कार्ड दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे.' दुसरा एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. भाऊ वर येऊन म्हणाले, "जाहिरात करून राहिला का पीएचडी, बाबू?" मी गडबडलो. पडद्यावर 'वाटून वापरा' अशी चौकट होती, तिच्यात खूण केली. लगेच सुरू झाले. ताईंना सांगितले नाही.

शनिवार, ७ जून.

वाटून वापरताना आवाज उशिरा यायला हवा. आज लवकर आला. 'प्रवेश सुरू' असे मी म्हणण्याआधी हेडफोनमध्ये 'प्रवेश सुरू', माझ्याच आवाजात. पुन्हा करून पाहिले, तसेच. चौकटीतली खूण काढायला गेलो. निघत नाही.

सोमवार, ९ जून.

मुद्दाम गप्प बसलो. हेडफोनमध्ये पूर्ण जाहिरात झाली. ताईंना ती आवडली. आज मोकळा बोललास, म्हणाल्या. उत्तर द्यायला तोंड उघडले. नुसती हवा.

कार्डाची वायर उपटली. तरीही नुसती हवा.

मंगळवार, १० जून.

डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही.

संध्याकाळी आईचा फोन. सवयीने उचलला. मी गप्प, पण आई हसत होती. माझा आवाज तिच्याशी बोलत होता. जेवण झाले, म्हणाला. मग म्हणाला, उद्या अमरावतीला ये, आई. शेजारच्या मैनाबाईने गाडीत बसवून दिले की झाले.

मैनाबाईला मेसेज केला, आईला पाठवू नका. तिने विचारायला फोन केला. तिच्याशीही तोच बोलला.

ताईंना चिठ्ठी दिली, माझ्या आवाजात दुसराच बोलतो आहे. त्या गोंधळल्या. आत्ताच तर फोनवर स्टुडिओची किल्ली मागितलीस, म्हणाल्या. त्यांनी ती पायरीवर ठेवली होती. आता तिथे नाही.

बुधवार.

स्टँड. आई उतरली, मोबाइल कानाशी. मी हात धरला. फोनमधून माझा आवाज — इथे चोर असतात आई, कोणी हात धरला तर झटक —

झटकला. पुन्हा धरला. "सोड रे मेल्या, माह्या पोराशी बोलून राहिली मी." लोकांनी मला ओढून बाजूला केले. तिला ऑटोत बसवले. स्टुडिओचा पत्ता फोनमधून त्यानेच सांगितला.

धावत आलो. जिन्यात तिच्या चपला. दार आतून बंद. ठोठावतो आहे. कोण हाये रे, आई विचारते. कोणी नाही, तो म्हणतो.

दाराखालून चिठ्ठी — तिला कुठे दिसणार —

आत खुर्ची सरकली. किल्लीच्या भोकातून फक्त आईचा चेहरा दिसतो. तो म्हणतो, बस आई. या माइकमध्ये काहीतरी बोल.

"काय बोलू रे यात?"

ते मला दोनदा ऐकू आले. पहिल्यांदा आले तेव्हा आईने अजून तोंड —