चौदातले तेरा मैल

२४ सप्टेंबर
दसऱ्यानंतर अक्का राजाजीनगरला लेकीकडे कायमची राहायला जाणार. चामराजपेटच्या या घरात मग मी एकटा. तिची सायकल कुणास देऊन टाकण्यास ती राजी आहे, अट एकच. पुढच्या चाकावरच्या मैलमापकाचे चारही आकडे शून्य झालेले तिला पाहायचे आहेत. शाळेत शिकवायला जाता-येता तिने तो ९९९९ पर्यंत आणला. तिथे तो अडकला. पुढे तिचे गुडघेही. चाक हवेत फिरवायचे नाही, रस्त्यावरच, असे तिनेच बजावले.

२६ सप्टें.
पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत जाऊन आलो. एका लहानशा कारखान्यात आतले झिजलेले दातेरी चाक नवे करून मिळाले. पूर्वी रोमन गाड्यांत म्हणे अंतर मोजायला मैलागणिक एक खडा डब्यात पडे. अक्काच्या सायकलला स्पोकवरची एक खीळ पुरे: दर फेरीला मापकास टिचकी. ती टिकटिक गल्लीच्या तोंडाशी आली की आई कॉफीचे दूध चुलीवर ठेवी. आयुधपूजेला, हळदकुंकू वाहण्यापूर्वी, अक्का आकडा मोठ्याने वाचे. अप्पा नुसते "बरं" म्हणत.

२७ सप्टें.
मापक बसवताना पाठीवर कोरलेला आकडा दिसला: २८. अक्काचे चाक २६ इंची. उलगडा झाला. तिला नोकरी लागली तेव्हा अप्पांनी स्वतःच्या उंच सायकलचा मापक काढून हिच्या सायकलला लावला. कौतुकाच्या भरात चाकाचे माप कुणी पाहिले नाही.
मापक अंतर मोजत नाही. फेऱ्या मोजतो, अंतर गृहीत धरतो. अनुमान निर्दोष, गृहीतक चूक. त्याने चौदा मैल दाखवले तर खरे तेरा. म्हणजे अक्का अद्याप पुष्कळ मागे आहे.
सांगावे का?

२९ सप्टें.
सांगितले नाही. भाचीचा फोन: "मामा, सायकल मात्र इकडे पाठवू नका हं. फ्लॅटमध्ये आम्हीच कसेबसे मावतो."
मौनाच्या बाजूने तीन मुद्दे काढले. तिन्हींत दया आहे, तर्क नाही.

१ ऑक्टो., आयुधपूजा
सायकल पुसून गल्लीत काढली. मी हँडल धरले, अक्काने सीटवर हात ठेवला. टिकटिक सुरू झाली आणि माझ्याने राहवेना. सगळे सांगितले.
ती थांबली. "अप्पांनी स्वतःचा काढून दिला होता?"
"हो."
"मग ते इतकी वर्षं कशावर मोजत होते?"
"मोजत नव्हते."
तिने वाकून मापकावरचा आकडा पाहिला. मग: "म्हणजे माझं संपलेलं नाही."
"नाही."
"सरी, ठीक आहे. सायकल फिरव मागे. शून्य नको."
"अक्का, ठरल्याप्रमाणे सायकल—"
"ठरलं होतं ते संपल्यावर द्यायचं. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंस ना रे? मग माझ्या लेकीला हे पटवून दे."
घरी येऊन हळदकुंकू वाहिले. तिने आकडा वाचला. "बरं" कोणी म्हणायचे, हे दोघांनाही क्षणभर सुचले नाही. मी म्हणालो.

३ ऑक्टो.
सामानाचा टेम्पो उद्या सकाळी. भाचीला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "आईला द्या."
अक्का आत बोलते आहे. दार लोटलेले आहे. सायकल अजून ओसरीवर आहे; टेम्पोत चढेल की नाही, ते आत ठरते आहे.