आईची जखम सुकली

बाबा, आईची जखम सुकली. कालपासून हे तुम्हाला सांगावंसं फार वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

तिचं बायपास झालं, ठाण्याला. ऑपरेशन नीट पार पडलं, पण नंतर साखर चढतच राहिली. तुमच्यासारखीच तिचीही साखर इतकी वर्षं गोळ्यांवर होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावलं, की एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या ताणाने साखर वाढते, कधीच साखर नसलेल्यांचीही वाढते. ती आटोक्यात राहिली नाही तर छातीचे टाके पिकू शकतात, म्हणून सध्या इन्सुलिन. आईने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "सुई लागली म्हंजे मानूस संपला," म्हणाली. शब्द तुमचे होते. अजून डोळ्यांसमोर आहे, आपल्या काल्हेरच्या घरी स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, पायाच्या जखमेला फडकं गुंडाळलंय, मी भाकरी वाढतेय आणि तुम्ही हेच म्हणताय. डॉक्टरांनी सांगितलेली सुई तुम्ही शेवटपर्यंत घेतली नाहीत. जखम बोटापासून घोट्यापर्यंत चढत गेली आणि मग तुम्हीच गेलात.

आईने मात्र घेतली. माझ्यासाठी घेतली असावी. घरी आणल्यावर पूर्णा गावच्या गोडाऊनमधल्या कामावरून मी रजा काढली. सकाळी बोटाला टोचून साखर बघायची, इन्सुलिन द्यायचं आणि लगेच खायला घालायचं, एवढंच माझं काम. एका सोमवारी सुई दिली, भाकरी आणि माशाचं कालवण पुढ्यात ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली आले तर ती भिंतीला टेकून बसलेली, घामाने चिंब, हात थरथरताहेत. मला वहिनी म्हणून हाक मारत होती. ताट तसंच भरलेलं. मशीन लावून पाहिलं, साखर फारच खाली आलेली. तिला गिळता येतंय ना ते पाहिलं आणि पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजली. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला माझ्या नावाने हाक मारली. मशीन पुन्हा लावलं, आकडा वर आला होता. मग डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आधी जेवायला घाला म्हणून सांगितलं.

मी विचारलं, जेवली का नाहीस?

"उपास व्हता," म्हणाली. "तुजे बाबांच्या आजारपनाच्या येली मी सोमवारचा उपास मोडलेला. म्हून ते गेले."

ऑपरेशनपासून तिचे सोमवार बंद असतील असं मी धरून चालले होते. आणि इतकी वर्षं ती हे एकटीच वागवत होती, बाबा. मला कधी कळलंच नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, बाबा तुझ्या उपासाने गेले नाहीत. साखर वाढलेली राहिली म्हणून त्यांची जखम भरली नाही. आणि सुई घेऊन उपाशी राहिलीस तर तू जाशील." ती रडली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. पुढच्या सोमवारी आधी जेवली, मग देवासमोर बसली. देवाला सांगितलंय म्हणाली, आता जेवूनच पाया पडणार.

काल भिवंडीच्या डॉक्टरांनी टाके पाहिले. छाती कोरडी, कुठे लाली नाही. इन्सुलिन कमी केलंय, साखर अशीच राहिली तर परत गोळ्यांवर येईल म्हणाले. रिक्षात आई खिडकीशी बसल्यासारखी कडेला बसून ट्रकांची रांग बघत होती, वारा खात होती. किती दिवसांनी माझे खांदे सैल झाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. डॉक्टर "जखम सुकली" म्हणाले, तेव्हा मला आनंदाच्या आधी तुमचा राग आला. आईला बोलले नाही.